उपदेशकाचे ग्रंथधन : मराठी ख्रिस्ती सेवकांच्या अभ्याससाधनांचा इतिहास

१

मुंबई बंदरातून निघालेली होडी खाडीने आत येऊन पनवेलला लागे आणि तेथून बोरघाटाची वाट सुरू होई. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. लोहमार्ग १८६३ साली घाट चढून जाईपर्यंत मुंबईहून दख्खनला जाणारा नेहमीचा मार्ग हाच होता. कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर १८२५ साली पुण्यास गेले तेही पनवेलवरूनच. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात पनवेलचे नाव सहसा येत नाही. परंतु या वाङ्मयाचा भूगोल समजून घ्यायचा तर पनवेलच्या धक्क्यापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत काम सुरू केले, थोड्याच वर्षांत तेथे स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे घातले. छापखाना कोकणपट्टीत आणि वाढत्या मंडळ्या घाटावर, अशी ही विभागणी होती. ग्रंथ एका ठिकाणी सिद्ध होत आणि त्यांची गरज दुसऱ्या ठिकाणी भासे.

ज्याला ही गरज भासत होती, तो वाचक कोण? मराठी वाङ्मयेतिहासाने ख्रिस्ती वाङ्मयाची दखल घेतली ती प्रामुख्याने काही ठळक कृतींच्या आधारे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या त्या कृती होत. श्री. म. पिंगे आणि गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शिखरांपलीकडचा प्रदेश धुंडाळला. तरीही सर्वसाधारण समीक्षेच्या लेखी उरलेले सारे लेखन 'प्रचारकी' या एका शब्दात निकालात निघाले. या उरलेल्या लेखनातही एक वर्ग असा आहे, की ज्याचा उद्देश परधर्मीयांचे मन वळवणे हा नव्हताच. टीका, शब्दकोश, व्याकरणे, नियतकालिकांतील विवेचने हे लेखन होते सेवकासाठी : खेड्यातल्या मंडळीत उपासना चालवणाऱ्या, लग्न लावणाऱ्या, मयताला उभ्या राहणाऱ्या आणि दर रविवारी शास्त्रपाठाचा अर्थ सांगण्यास बांधलेल्या माणसासाठी. त्याचे सेमिनरीतले शिक्षण थोड्या वर्षांत आटोपे आणि अर्थ सांगण्याचे काम मात्र आयुष्यभर चाले. या दोहोंमधले अंतर ज्या ग्रंथांनी भरून काढले, त्यांना या सेवकाची दुसरी पाठशाळा म्हणता येईल. मराठी ही विवरणाची आणि शास्त्रचर्चेची भाषा कशी घडली, हा प्रश्न विचारणाऱ्यास ही पाठशाळा टाळून पुढे जाता येणार नाही.

२

या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ छापला गेला तो गोमंतकात. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचा विचार आजवर मुख्यतः भाषेच्या आणि काव्यगुणांच्या अंगाने झाला आहे. त्याच्या उपयोजनाकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे, आळवण्यासारखे काही हाती नव्हते; ती पोकळी ओळखून हा ग्रंथ घडला. त्याची मांडणीही संवादाची आहे. श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो. म्हणजे ज्याला पुढे मंडळीत हेच प्रश्न ऐकावे लागणार होते, त्याच्या हाती प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच वेळी पडत होते. पठणाचा ग्रंथ आणि पाठकाचा मार्गदर्शक ही दोन प्रयोजने येथे एकवटली आहेत.

स्टीफन्सने परिभाषेचा प्रश्नही प्रथम सोडवला. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द त्याने निःसंकोच घेतला आणि ग्रंथाला 'पुराण' म्हटले. श्रोत्याच्या ओळखीच्या शब्दात अनोळखी आशय भरण्याची ही रीत होती. तिच्यात धोका होता आणि सामर्थ्यही होते. दोन शतकांनंतरच्या प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी दुसरी वाट धरली. 'तारण', 'शुभवर्तमान' यांसारखे शब्द त्यांनी विशिष्ट अर्थाने रुळवले आणि 'बाप्तिस्मा' हा शब्द तर मूळ ग्रीक ध्वनीसह तसाच ठेवला. शब्द जितका परका, तितकी तो समजावून सांगणाऱ्याची गरज अधिक, हा या निवडीचा अटळ परिणाम होता.

गोमंतकातील ही परंपरा अखंड चालली नाही. 'क्रिस्तपुराणा'च्या १६४९ आणि १६५४ साली पुढील आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज शासनाने देशी भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला आणि स्थानिक भाषेतील धर्मलेखनाचा आधारच काढून घेतला. भाविकांच्या कंठात ओव्या राहिल्या, परंतु त्यांवर नवे विवरण रचले जाण्याचा मार्ग खुंटला. पुढील इतिहास समजण्यासाठी हा अनुभव ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पठण हे केवळ स्मृतीच्या बळावर टिकू शकते, परंतु विवरणाला जिवंत भाषा आणि तिला मान देणारी संस्था लागते.

३

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी ग्रंथव्यवहाराचा पहिला लक्षणीय परिणाम ख्रिस्ती मंडळीबाहेर दिसतो आणि त्याची खूण पनवेलमध्येच आहे. कोकणपट्टीतील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. त्याच्याजवळ धर्माचरणाची परंपरा होती, पण हिब्रू जाणणाऱ्या शास्त्र्यांची परंपरा क्षीण झाली होती. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. जुन्या कराराची मराठी भाषांतरे उपलब्ध होऊ लागली आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत आले. मिशनऱ्यांना अपेक्षित असलेले धर्मांतर मात्र या समाजात फारच थोडे झाले. साधने स्वीकारली गेली, निष्कर्ष नाकारला गेला.

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ साली उभे राहिले, ते याच घडामोडींच्या काळात. तत्पूर्वी १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला होता आणि १८७४ साली पुण्यातूनही मराठी हग्गादा प्रसिद्ध झाला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनासाहित्याची मराठी भाषांतरे मोठ्या संख्येने केली. रब्बीवाचून चालणाऱ्या या समाजात उपासना चालवणाऱ्या हज्जानला आणि घराघरातल्या कर्त्या पुरुषाला या ग्रंथांचा आधार होता.

मराठी ख्रिस्ती सेवकांच्या साधनांचा विचार करताना हे उदाहरण केवळ शेजारचे म्हणून महत्त्वाचे नाही. अभ्याससाधन बाहेरून मिळणे आणि ते समाजाने स्वतः घडवणे या दोन अवस्था आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. बेने इस्राएल समाजाने पहिली अवस्था थोड्या दशकांत ओलांडली. कोणता ग्रंथ प्रथम मराठीत यावा, कोणत्या शब्दाला कोणता प्रतिशब्द द्यावा, हे निर्णय त्याने आपल्या हाती घेतले. घाटावरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हाच प्रवास अधिक गुंतागुंतीच्या परिस्थितीत करावा लागला, कारण तेथे छापखाना, पगार आणि पाळकपद यांचे नियंत्रण दीर्घकाळ मिशनकडे होते.

४

ही परिस्थिती निश्चित होण्यास १८५४-५५ चा हिवाळा कारणीभूत ठरला. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन या काळात पाहणीसाठी पश्चिम हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळी स्थानिक पाळकाच्या हाती असावी, तिने स्वतःचा खर्च स्वतः चालवावा आणि पाळकाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली तीही याच सुमारास. स्कॉटिश मिशनचे धोरण याच्या उलट होते. इंग्रजी उच्च शिक्षणाच्या द्वारे वरच्या जातींतील तरुणांपर्यंत पोहोचावे, हा जॉन विल्सन प्रभृतींचा मार्ग होता.

अँडरसन यांच्या धोरणाचे मूल्यमापन दुहेरी करावे लागते. मराठीला धर्मशिक्षणाचे माध्यम म्हणून प्रतिष्ठा देणारे हे धोरण होते. त्याच वेळी, इंग्रजीचे दार बंद करून मराठी पाळकाला जगाच्या धर्मविद्येपासून तोडणारेही तेच होते. मातृभाषेत शिकवायचे ठरले, पण त्या भाषेत शिकण्याजोगे ग्रंथ किती होते? बायबलचे भाषांतर, काही प्रश्नोत्तरावल्या, काही पुस्तिका आणि १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेले 'ज्ञानोदय' एवढीच शिदोरी घेऊन पाळकाने उभे राहावयाचे होते.

ही उणीव प्रामुख्याने ज्याने भरून काढली, तो लेखक मात्र दुसऱ्या धोरणाचे अपत्य होता, हा इतिहासातला अर्थपूर्ण विरोधाभास होय. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) बेळगावच्या मिशनशाळेत आणि पुढे मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत इंग्रजीतून शिकले. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षे पाळकपद सांभाळल्यावर त्यांनी आपली उमेद ग्रंथलेखनास वाहिली. 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि 'अरुणोदय' (१८८४) यांच्यामुळे ते वाङ्मयेतिहासात स्थिरावले. परंतु 'शब्दरत्नावली' (१८६०) हा पर्यायशब्दांचा कोश, मोल्सवर्थच्या कोशाचा १८६३ सालचा संक्षेप आणि नव्या करारावरील विस्तृत टीका या तीन कामांकडे एकत्र पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झाला आहे. एकत्र पाहिल्यास त्यांतील सूत्र उघड होते. मोल्सवर्थचा मूळ कोश मोठा आणि महाग. त्याचा संक्षेप सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात येतो. पर्यायशब्दांचा कोश हा बोलणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या कामाचा. टीका ही अर्थ सांगणाऱ्याच्या कामाची. तिन्हींमागे एकच वाचक उभा आहे, ज्याच्याजवळ मराठीवाचून दुसरी विद्येची भाषा नाही.

'टीका' हा वाङ्मयप्रकार येथे विशेष विचारात घेण्याजोगा आहे. मराठीची थोर परंपराच मुळी टीकेची आहे. संस्कृत ग्रंथाचे मर्म देशीत उलगडणे, हे 'ज्ञानेश्वरी'पासूनचे तिचे जीवितकार्य होय. पदमनजींनी इंग्रजीतील भाष्ये वाचून मराठीत विवरण लिहिले, तेव्हा संस्कृताच्या जागी इंग्रजी आली. पण टीकाकाराचे स्थान तेच राहिले. तो दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि ज्याला एकच भाषा येते त्याच्याकडे तोंड करून बोलतो. निव्वळ भाषांतरकाराला मूळ ग्रंथाची बांधिलकी पुरते. टीकाकाराला वाचकाच्या अडचणीचीही बांधिलकी पाळावी लागते.

५

शतकाच्या उत्तरार्धात हा वाचक बदलला. १८७६-७८ चा आणि शतकाअखेरचा दुष्काळ, तसेच त्यांच्या आगेमागे महार व मांग समाजांतून झालेली मोठी धर्मांतरे यांनी घाटावरच्या मंडळ्यांचे स्वरूप पालटले. सेवक आता बहुशः याच समाजांतून येऊ लागला. खेड्यात तोच शाळामास्तर आणि तोच उपदेशक असे. सकाळी मुलांना मुळाक्षरे, रात्री प्रौढांना शास्त्रपाठ, असा त्याचा क्रम. ज्या समाजांना ग्रंथाला स्पर्श करण्याचाही अधिकार परंपरेने नाकारला होता, त्यांतील माणूस ग्रंथाचा अर्थ सांगू लागला, टिपणे काढू लागला, आपल्या अर्थाची कारणे देऊ लागला. अर्थ सांगण्याचा अधिकार हाच हिंदू समाजरचनेतील वर्चस्वाचा एक पाया होता, हे लक्षात घेतले तर या घटनेचे गांभीर्य ध्यानात येते. साध्या टीकाग्रंथाचे मोल अशा हातात पडल्यावर वेगळे होते. समीक्षेने 'प्रचारकी' म्हणून बाजूला ठेवलेले हे लेखन दलितांच्या अक्षरविद्येच्या इतिहासाचाही भाग आहे.

या वाचकाच्या निमित्ताने साधनांचे स्वरूपही बदलले. केवळ वाचण्याचा ग्रंथ पुरेसा नव्हता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे तो आशय न्यावयाचा होता. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी, पदे आणि आख्यान यांतून बायबलची कथा उभी राहू लागली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अहमदनगर येथील सेमिनरीत त्यांनी अध्यापन केले आणि १९१२ ते १९१९ या काळात 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांच्या पदांचा काव्य म्हणून पुष्कळ विचार झाला आहे. सेवकाच्या दृष्टीने मात्र ती पदे म्हणजे पाठ होणारे धर्मशिक्षण होते. पोथी जवळ नसली तरी पद जवळ असे.

स्त्रीसेविकांचा प्रश्न आणखी निराळा होता. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या या स्त्रियांचे औपचारिक शिक्षण पुरुष उपदेशकांहूनही तोकडे असे. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हाती घेतलेले बायबलचे भाषांतर या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून त्यांनी हे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी भाषा हे त्यांचे उद्दिष्ट होते, आणि हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले संस्कृत शब्द त्यांनी हेतुपूर्वक टाळले. स्टीफन्सच्या 'वैकुंठा'पासून हे दुसरे टोक होय. संस्कृतची पंडिता संस्कृत बाजूला ठेवते, कारण वाचणारी बाई आणि मजकूर यांच्यामध्ये दुसरा पंडित उभा राहू नये. विवरणाची गरजच कमी व्हावी असे भाषांतर करणे, हाही अभ्याससाधनाचा एक प्रकार मानावा लागेल.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेची दिशा पालटली. फ्री मेथडिस्ट मिशनच्या यवतमाळ येथील मराठी शिक्षणकार्याच्या भूमीवर १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही अनेक मिशनांची संयुक्त संस्था उभी राहिली. तिचे माध्यम इंग्रजी झाले आणि १९८३ साली ती पुण्यास आली. साऱ्या देशातून विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेला इंग्रजी अपरिहार्य होती, हे मान्य करावे लागते. परंतु त्याबरोबरच अँडरसनच्या काळातील प्रश्न उलटा होऊन पुढे आला. तेव्हा शिक्षण मराठीत होते आणि ग्रंथ नव्हते. आता इंग्रजी ग्रंथालय हाताशी आले, पण शिकलेल्या सेवकाला मंडळीपुढे तोच आशय मराठीत मांडताना शब्द सापडेनात.

दुसरीकडे, सेमिनरीत येऊ न शकणाऱ्या सेवकापर्यंत शिक्षण नेण्याची कल्पना १९६३ साली ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीत आकारास आली. विद्यार्थ्याने घरी राहून स्वाध्यायपुस्तिका सोडवाव्यात आणि ठरावीक दिवशी गटात बसून चर्चा करावी, अशी ही पद्धत होती. १९७१ साली बंगळुरात या कामासाठी 'टॅफ्टी' ही संस्था स्थापन झाली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यावर दूरशिक्षणाची कल्पना सर्वसामान्य मराठी माणसाच्या परिचयाची झाली. धर्मसेवकांच्या क्षेत्रात ती त्याआधीच रुजू लागली होती. या पद्धतीने शिक्षणाची लोकशाही साधली. मात्र स्वाध्यायपुस्तिका एका भाषेत रचून अनेक भाषांत उतरवली, म्हणजे प्रश्नही परक्या विद्यार्थ्याचे येतात. पुणतांब्याच्या किंवा पेणच्या मंडळीत जी शंका निघते, तिला त्या पुस्तिकेत जागा असेलच असे नाही.

कॅथलिक परंपरेत याच काळात उलट दिशेची हालचाल झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला स्थान दिले आणि वसईच्या धर्मग्रामांत मराठी वेदीपाशी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाच्या संपादनातून आणि 'सुबोध बायबल' या ग्रंथातून धर्मविवेचनाची मराठी पुन्हा सर्वसामान्य वाचकापुढे आणली. २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनात भाषांतरकाराइतकाच टीकाकार उपस्थित आहे. तळटिपा, परिचय आणि पार्श्वभूमी यांतून ते वाचकाची अडचण आधीच ओळखतात. पदमनजींच्या वंशातले हे लेखन आहे.

पनवेलचा धक्का आता इतिहासजमा झाला आहे. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या शहराभोवती खारघर, कळंबोली, कामोठे अशा वसाहती वाढल्या आणि देशाच्या अनेक भागांतली माणसे तेथे वसली. ग्रंथांना आता होडीची वा बैलगाडीची वाट पाहावी लागत नाही. कोणत्याही इंग्रजी भाष्यग्रंथाची पाने खेड्यातल्या सेवकाच्या भ्रमणध्वनीवर क्षणात उतरतात, आणि यंत्राने केलेले त्यांचे मराठी रूपांतरही मिळते. दुर्मीळता संपली, हे खरे. पण या इतिहासाकडे पाहता मराठी सेवकाची अडचण केवळ ग्रंथांच्या दुर्मीळतेची कधीच नव्हती. इंग्रजी, ग्रीक वा हिब्रू वाचून मराठीत एखाद्या विशिष्ट मंडळीसाठी लिहिणाऱ्या माणसाची ती उणीव होती. पदमनजींनी, रमाबाईंनी आणि हग्गाद्याच्या भाषांतरकारांनी ती आपापल्या परीने भरून काढली. पदमनजींची टीका आज सहज उपलब्ध नाही, आणि तिच्या जागी तितक्या विस्ताराचे दुसरे मराठी विवरण कोणी लिहावे, हा प्रश्न अद्याप मराठी ख्रिस्ती संस्थांच्या आणि मराठी समीक्षेच्याही दारात उभा आहे.